दुसरा थर

बावीस वर्षं नळ्यांवर तार गुंडाळून वायरलेसच्या कॉइली बनवताना वहिनींचा हात तारेवर असा बसला होता की, त्या बोलता बोलता वेढे मोजत. कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खरी नणंद मात्र एकच, शेजारच्या टेबलावर वार्निश लावणारी.

प्रत्येक कॉइलची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते. तिच्या जवळ गेलं की कॉइल बिथरते, तापते; ती ओलांडली की कॉइल कॉइल राहतच नाही. वहिनी ती अंदाजाने सांगत: तार किती मीटर लागली ते पाहायचं आणि दीडशेला तेवढ्याने भागायचं. सात मीटर म्हणजे साधारण एकवीस मेगाहर्ट्झ. बचाव बोटींच्या सहा कॉइलींच्या कागदावर त्यांनी तेच लिहून दिलं होतं. बोटींचे सेट चालायचे आठवर. मधे भरपूर जागा होती.

दुपारी डबा खाताना त्यांचा घास हातातच राहिला.

"काय गं वहिनी, खडा लागला?" नणंदेने विचारलं.

"नळ्या आखूड आल्या होत्या ना गं या वेळी? उरलेले वेढे मी वरून दुसऱ्या थरात घेतले."

"मग? मीटरवर तर बरोबर भरल्या."

"मीटर खालच्या फ्रिक्वेन्सीवर मोजतं. शेवटचे वेढे पहिल्यांच्या उरावर बसले की माझा हिशोब कोसळतो, फ्रिक्वेन्सी खूप खाली येते. आज तीन वाजता पहिली बोट निघतेय!"

धक्क्यावरचा फोन कोणी उचलेना. वहिनींनी उरलेली तार आणि डिप मीटर पिशवीत कोंबलं आणि बस पकडली. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. भर समुद्रात कोणी मदत मागितली आणि सेट मुका राहिला तर? कागदावर तर आपलीच सही.

बोटीवरचे वायरलेसवाले काका सेटचं झाकण लावत होते. वहिनींना धाप लागली होती.

"काका, ती कॉइल काढा. माझी चूक झालीय."

"अहो ताई, तुमच्या कॉइलीत चूक?"

"काढा आधी, मग बोला."

कॉइल सुटी झाल्यावर वहिनींनी डिप मीटर जवळ धरलं आणि चकती फिरवली. कॉइलची फ्रिक्वेन्सी सापडली की काटा खाली पडतो. एकवीसला काटा ढिम्म. पंधरा, बारा, काहीच नाही. नऊला तो धाडकन पडला.

काकांचा चेहरा उतरला. "नऊ? आणि आपण आठवर!"

"लांब नळी आहे का कुठली?"

इंजिनखोलीतून प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा मिळाला. वहिनी दोरांच्या वेटोळ्यावर बसल्या. दोनदा वेढे चुकले, दोनदा उसवून पुन्हा घेतले. एकच थर. या वेळी काटा एकोणीसला पडला. सेट लावून काकांनी बंदराला हाक दिली आणि पलीकडून स्वच्छ उत्तर आलं. बोट सव्वा तास उशिरा सुटली.

वहिनी तशाच मालकांकडे गेल्या. मालक उखडले. "उरलेल्या पाच परत मागवू? बाजारात नाक कापून घ्यायचंय का?"

"नाक गेलं तर माझं जाऊ दे. फोन लावा."

चौथ्या दिवसापर्यंत पाचही परत आल्या. त्यांतली एक सेटमध्ये चालवून झाली होती. तिचं वार्निश करपून काळं पडलं होतं. नणंदेने ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि वहिनींपुढे पाण्याचा पेला सरकवला.