ऐन तोडणीतली पटपडताळणी

नेकनूरकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आठ वर्षं होते. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जायचं. कुणाची लेकरं बरोबर गेली, कुणाची आजीपाशी राहिली हे कळावं म्हणून मी हजेरीची एक पद्धत पाडली होती. नुसतं हजर म्हणायचं नाही, आई-बाप कुठं आहेत तेही सांगायचं.

शेजारच्या गावात एका पुढाऱ्याची खाजगी शाळा होती, आणि जिल्ह्याच्या शिक्षण समितीवरही तोच. कुंपणच शेत खायला बसलेलं. त्यानं आमच्या सातवीची पटपडताळणी लावली ती ऐन तोडणीत. पट भरला नाही, वर्ग बंद झाला. पोरं त्याच्या शाळेत गेली. पोरींना एवढ्या लांब पायी कोण धाडतंय? गणितात सगळ्यांना मागं टाकणारी माझी एक पोरगी त्याच उन्हाळ्यात बोहल्यावर चढली. तेव्हापासून मी त्या माणसावर डूख धरून होते. खोटं कशाला बोलू?

पुढं मी केंद्रप्रमुख झाले, आसपासच्या शाळा तपासायचं काम माझ्याकडं आलं. त्याची समितीवरची खुर्ची गेली होती आणि शाळा माझ्या केंद्रात आली होती. पडताळणीला मी मुद्दाम तोच महिना धरला.

सातवीचा वर्ग गच्च भरलेला. मी नावं पुकारत गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि सवयीनं म्हणाली, "हजर बाई. आई-बाप माजलगावला, कारखान्याला."

वर्गशिक्षक खाली बघायला लागले. ही हजेरी माझ्याच जुन्या शाळेतली, तिथं ती अजून चालू होती. पट भरायला तिथली सहावी जीपमध्ये घालून आणली होती. मी एकेकाला कागद दिला आणि आपापल्या शाळेचं नाव लिहायला लावलं. असा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढारी स्वतः चहा घेऊन आला. म्हणाला, "बाई, आपल्याच भागातली शाळा हाय. कावून जीव घेता तिचा?"

"माझ्या सातवीतल्या पोरीबी आपल्याच भागातल्या होत्या, साहेब."

त्याला कोणत्या पोरी ते आठवेना. मी त्याच्यासमोर अहवालावर सही केली.

त्याच्या शाळेची मान्यता गेली. आमची सातवी काही परत आली नाही. आता दोन्ही गावांत सातवी नाही. कागदावर शाळेचं नाव लिहून देणारी ती मुलगी सहावी पास झाली आणि यंदा आई-बापाबरोबर कारखान्याला गेली.