अण्णानं घेतलेली पाळी

चेन्नई सेंट्रलला उतरलो तेव्हा खिशात पत्ता होता आणि डोक्यात नुसता गोंधळ. ही भेट मी सहा वर्षं टाळली होती. अण्णाच्या आईला एवढंच सांगायचं होतं, की त्या पहाटे चौकीवरची पाळी माझी होती. सांगून त्यांचं काय भलं होणार, हे मात्र सातारा सोडल्यापासून कळत नव्हतं.

अण्णा आमच्या पलटणीतला तंजावरी मराठी, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात वसलेल्या घरातला. त्याच्या जुन्या वळणाच्या बोलीची आम्ही रोज टिंगल करायचो. त्या पहाटे मी तापानं फणफणलो होतो. मला खालच्या खंदकात पाठवून तो माझ्या जागी बसला. तासाभरात हल्ला आला. गोळी लागल्यावरही वरची मशीनगन तो एकटा चालवत राहिला. कुमक पोहोचली तेव्हा चौकी आपलीच होती, अण्णा नव्हता.

"वेलचेरी?" शेअर ऑटोवाल्याला विचारलं.

"एरुंगा, सार (चढा, साहेब)!" आत आधीच सात जण. आठवा मी, अर्धा बाहेर.

वेलचेरीत सगळ्या इमारती एका साच्यातल्या. दोनदा भलत्याच दाराची घंटी वाजवली आणि खरं सांगतो, दोन्ही वेळा हायसं वाटलं.

तिसरं दार अण्णाच्या आईनं उघडलं. मी नाव सांगितलं, साताऱ्याहून आलो म्हणालो. त्यांनी दार पुरतं उघडलं.

"यावा, बैसा. आधी जेवण. पानावर दुःखाचं बोलूं नये."

केळीच्या पानावर भात, सांबार आणि डांगर पचडी (उडदाच्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं). याच पचडीच्या बढाया अण्णा बर्फात बसून मारायचा.

हात धुतले आणि बोलून टाकलं, "आई, त्या दिवशी पाळी माझी होती."

"आमा (हो), ठाऊक आहे."

त्यांनी देवघरातून एक पत्र काढलं. अण्णाच्या सामानाबरोबर आलेलं, अर्धवट. भाषा मराठी, पण अक्षरं तमिळ. मला एकही वाचता येईना. त्यांनीच वाचलं, "साताऱ्याच्या पोराला ताप फार. त्याची पाळी मी घेतों."

घडी घालत त्या म्हणाल्या, "पुढें लिहिलंच नाही त्यानं. तेव्हांपासून मनांत आहे. तुमचा ताप उतरला कीं नाही?"

शिव्याशापांची तयारी करून गेलो होतो. याची नव्हती.

"उतरला," कसंबसं म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या आणि ताक आणायला उठल्या.

परतीच्या गाडीत गुंटकल गेलं तरी मला ठरवता येईना, की माफी मिळाली की मागायचीच राहिली. मी सांगायला गेलो ते त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांना हवं होतं ते एका शब्दाचं उत्तर, आणि ते मी सहा वर्षं साताऱ्यात दडवून बसलो होतो.