विहिरीतलं मातीचं तेल

पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका खेड्यातली ती विहीर मी अजून विसरलेलो नाही. चंद्रपूर-गडचिरोली मिळून तेव्हा एकच चांदा जिल्हा होता आणि मी तिथे ठाणेदार होतो. एका सकाळी गावचा कोतवाल ठाण्यात आला.

"साहेब, आमच्या विहिरीतून मातीचं तेल निघून राह्यलं."

हवालदाराने लेखणी उचलली आणि मला विचारलं, "गुन्हा कोणत्या कलमाखाली घेऊ?" मी टोपी चढवली आणि कोतवालाबरोबर विहिरीकडे निघालो.

मुंबईला तेल शुद्ध करण्याचे कारखाने नुकतेच सुरू झाले होते. रॉकेल स्वस्त होणार, असं वर्तमानपत्रं सांगत होती. या गावात मात्र ते मिळतच नव्हतं. गावातला एकमेव दुकानदार रोज सांगे, "वरूनच माल नाई." लोक अंधार पडायच्या आत जेवून घेत.

विहिरीवर जत्रा भरली होती. आमच्याकडे रॉकेलला मातीचं तेलच म्हणत, त्यामुळे ते मातीतून निघालं याचं कोणालाच नवल नव्हतं. बाया पाण्यावरचा तवंग वाटीने काढून बाटल्यांत भरत होत्या. पाटील मला म्हणाले, "मुंबईले कारखाना झाला, आता इथीही होईन जी." एक म्हातारी तेवढी चिडली होती. "तेल भेटलं, पण पाणी कुठून पिऊ?" गावात दुसरी विहीर नव्हती.

आनंद नव्हता तो दुकानदाराला. तो माझ्या मागे लागला, "साहेब, ही विहीर बुजवून टाका. लेकरं मरतील."

गावाची एवढी काळजी त्याने आधी कधी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी बाटली उन्हात धरली. तेल अगदी नितळ होतं. जमिनीतून निघतं ते काळं, चिकट असतं; कारखान्यात तापवल्यावर त्यातून रॉकेल मिळतं.

दुकानदाराला बाजेवर बसवून चहा पाजला आणि म्हणालो, "शेठ, हे तेल आता सरकारचं. उद्यापासून खोदकाम. सुरुवात तुमच्या गोठ्यापासून."

"गोठ्यापासून काऊन?"

"विहिरीला लागून तोच आहे."

"बैल बिचकतील जी," तो म्हणाला. मी हवालदाराला कुदळ आणायला सांगितलं. कुदळ दिसताच शेठने बशी खाली ठेवली.

"महागाचा माल होता साहेब. भाव उतरणार म्हनून आयकलं. तोट्यात विकन्यापरीस टंचाई पडू द्यावं म्हटलं, मंग चढ्या भावानं विकता येईन. म्हनून थोडे दिवस मातीत दाबून ठेवला."

पंचांसमक्ष गोठा खणला. खाली पिंपं निघाली. एक गंजून फुटलं होतं आणि त्यातलं तेल झिरपत विहिरीत उतरलं होतं. पंचनामा झाला, तहसीलदारांच्या हुकमाने उरलेलं रॉकेल ठरल्या भावात गावातच विकलं. पाटील तेवढे हिरमुसले.

मुंबईहून निघालेलं तेल रेल्वेने, मोटारीने, बैलगाडीने शेकडो मैल सुखरूप येतं आणि शेवटच्या गोठ्यात अडकतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे कुठेही टंचाईची तक्रार आली, की मी आधी गावातच चौकशी करू लागलो.

दुकानदाराला कोर्टाने दंड केला. विहीर उपसायची शिक्षा मात्र बायांनी दिली. पाण्याचा वास जाईपर्यंत तो रोज बादल्या ओढत होता, आणि बाया पहिला तांब्या त्यालाच प्यायला लावत होत्या.