उम्म गालेबचा पुदिना आणि मोतजची टाकी

झर्का शहरात आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येतं, तरी उम्म गालेबच्या परसात पुदिना गुडघ्याएवढा. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "हात चांगला आहे माझा." हात चांगला होताच. फक्त तो गच्चीवर दुसऱ्याच्या टाकीत असायचा.

टाकी मोतजची. त्याचं गाड्या धुण्याचं दुकान तिच्या घराला लागून, गच्ची सामाईक. कपडे वाळत घालायला गेली की म्हातारी टाकीचं झाकण सरकवायची आणि तरंगत्या चेंडूने पाणी बंद करणाऱ्या बॉल कॉकची पितळी दांडी किंचित वर वाकवून यायची. मग टाकी भरली तरी पाणी थांबेना. जास्तीचं पाणी नळीवाटे थेट पुदिन्यात.

मोतजने वायसर बदलला, तोटीत अडकलेली वाळू काढली. चेंडूत पाणी शिरलं असेल म्हणून कानाशी धरून हलवून पाहिला. प्लास्टिकचा नवा बॉल कॉक बसवला, तरी टाकी वाहतच राहिली.

"मावशी, वर कुणी येतं का हो?"

"कबुतरं येतात. पण प्लास्टिक नको घेऊस, बाळा. उन्हाने तडकतं. पितळ बरं, वाकवलं तसं राहतं."

तिचं न ऐकता त्याने या खेपेला बिनदांडीचा आणला. त्यात चेंडू उभ्या सळईवरच वरखाली व्हायचा. म्हातारी वर गेली तर वाकवायला काही सापडेना. चेंडू वर चढू नये म्हणून तिने सळईला कपड्यांचा चिमटा लावला. पण टाकी भरलेली, त्यात घाई. चिमटा बसला चेंडूच्या खाली. चेंडू वरच अडकला आणि पुढच्या पाणीवारी टाकीत थेंब पडला नाही.

गुरुवारी एका नवरदेवाची गाडी फेसाने माखलेली असताना पाणी संपलं. नवरदेवाची आई म्हणाली, "माझी सून साबणातून आणू का?" मोतज धावत वर गेला आणि हिरवा चिमटा घेऊन खाली आला.

दोरीवर ओळीने हिरवेच चिमटे होते. उम्म गालेबने घरात साठवलेले पाण्याचे डबे बाहेर काढले आणि तांब्या-तांब्याने गाडी स्वतः धुतली. वरात गेली.

"मावशी, मागितलं असतंत तर दिलं नसतं का मी?"

"दिलं असतंस. पण मग रोज तुझे आभार मानायला लागले असते. माझ्या वयाला ते झेपत नाही."

मोतजला हसू आवरेना. त्याने टाकीला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्याच हातात दिली. दर पाणीवारी वर जाऊन वाळू काढायची, चेंडू हलवून बघायचा, बदल्यात दोन डबे पाणी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हणून लोक त्याला हसले. पण टाकी त्यानंतर कधी वाहिली नाही. म्हातारीचा पुदिना मात्र थोडा खुजा झाला. त्याचा दोष ती कबुतरांना देते.