पाव्हण्यांचा टॉस

नगरच्या आमच्या कचेरीतल्या क्रिकेट टीमचा कॅप्टन काष्टी गावचा. बदली होऊन नव्यानंच नगरला आलेला. रस्त्यात भेटेल त्या अनोळखी माणसाला तो विचारायचा, "कुठं निघाला?" नगरकर म्हणायचे, "तुम्हाला काय करायचंय?" खोलीचं दारही तो गावाकडच्यासारखं दिवसभर उघडं ठेवायचा. शेजारचं मांजर सोडलं तर आत कुणी आलं नाही.

टॉस मात्र तो हमखास जिंकायचा. जिंकला की समोरच्या कॅप्टनला म्हणायचा, "तुमी पाव्हनं. आधी तुमी सांगा." पाव्हणे अर्थातच बॅटिंग घ्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात मैदानावर गवताची काडी नव्हती. एकदा सुटलेला चेंडू थांबायचाच नाही. उन्हात धावून आम्ही कुरकुरलो, की तो म्हणायचा, "पाव्हन्याच्या आधी ताटावर बसायचं व्हय?"

मग एक मॅच काष्टीलाच ठरली. तिथं तो टॉस हरला. समोरचा कॅप्टन त्याचा सख्खा चुलतभाऊ, लहानपणी एका ताटात जेवलेला. भावानं नाणं खिशात टाकलं आणि म्हणाला, "तुमी पाव्हनं. आधी तुमी सांगा."

"मी पाव्हना व्हय रं?"

"मग? नगरचंच की आता तुमी."

तो हसला नाही. त्यानं फिल्डिंगच मागितली.

पुढची मॅच नगरला होती. त्यानं टॉस जिंकला आणि कुणालाही न विचारता "बॅटिंग" म्हणाला. आम्ही जिंकलो. संध्याकाळी पेढे घेऊन त्याच्या खोलीवर गेलो, तर दार आतून लावलेलं होतं. बाहेर मांजर बसलं होतं.