चहासुद्धा नाही

माझं काम सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नेमकं करतेस काय?" शहरातल्या एका लॅबमधून पेशंटला जाणारा मजकूर मी ठरवते. वाक्य एकदाच इंग्रजीत लिहायचं आणि तेच मेसेजमध्ये, अ‍ॅपवर, फोनवरच्या आवाजात, भिंतीवरच्या स्क्रीनवर फिरवायचं. मराठीत, हिंदीत, उर्दूत. मूळ वाक्य बदललं की सगळीकडं बदलतं. मला हे लई आवडतं.

मागं गंगापूरच्या माझ्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी साखर तपासायची होती. मावशीला घाई, कारण आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होणार आणि त्यांच्या बुद्धविहारात ग्रंथ वाचते तीच. "अशी चाचपडत वाचू का सगळ्यांपुढं?" म्हणायची.

सकाळच्या जीपनं ती आली. मी लॅबच्या दारातच उभी होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काही खाल्लं का?"

"नाय."

"चहा?"

"त्यो तर घेतलाच की. जीप भरेपर्यंत काय करायचं?"

झालं. तपासणी रद्द. रिक्षात मी तिच्यावर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या मेसेजात उपाशी या म्हणलंय. चहा म्हणजे काय खाणं व्हय?"

मी तडक ऑफिसात जाऊन आमच्या साहेबांना म्हटलं, मेसेजात चहाचंही घालू. साहेब म्हणाले, "मूळ इंग्रजी वाक्यात चहा नाही. नुसत्या मराठीत घातला तर बाकीच्या भाषांचं काय?"

माझं डोकंच सटकलं. "सर, गंगापूरचं सोडा. इथं शहरात, छावणीत तरी कोण चहा न घेता घराबाहेर पडतं? मुळातच घाला ना."

साहेबांनी हातातल्या कपाकडं पाहिलं आणि हसले. मूळ वाक्यात भर पडली, आणि सगळ्या भाषांत, सगळीकडं गेली: चहासुद्धा नाही.

पुढच्या खेपेला मावशीलाही तो रेकॉर्ड केलेला फोन गेला. "तुमची ती फोनवरली बाई लई कडक हाय," म्हणत ती आली, पण कोरडी आली. तपासणी झाली, ऑपरेशनही वेळेत झालं.

पौर्णिमेला मी मुद्दाम विहारात गेले. मावशीनं ग्रंथ उघडला, तेवढ्यात कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन आलं. नव्या चष्म्यातून तिनं वर पाहिलं.

"आधी वाचन. चहासुद्धा नाही."

सगळे हसले. मग ती वाचायला लागली; ओळीवर बोट न ठेवता, कुठंही न अडखळता. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.