पिंकीचं माप

गेल्या शनिवारी राहू गावच्या एका गुऱ्हाळावर मला माझाच नियम मोडावा लागला. आधी नियम सांगते.

शिरूरच्या आमच्या चर्चची एक सेवा संस्था आहे. तिच्यासाठी आम्ही बायका मुलींचे फ्रॉक शिवतो... काही इथल्या गुऱ्हाळांवर, वीटभट्ट्यांवर राहणाऱ्या मुलींसाठी, काही परदेशातल्या निर्वासितांच्या छावण्यांसाठी. शाळेतून रिटायर झाल्यापासून मापं आणि कटिंग माझ्याकडे. शिलाई वाकडी दिसली की मी उसवायला लावते, त्यामुळे माझ्या शेजारी मशीन घ्यायला कुणी उत्सुक नसतं.

नियम असा, की मूल समोर उभं असेल तरच माप घ्यायचं. गावाकडची भाची, शेजारणीची नात... नाही. कापड मोजकंच असतं.

त्या दिवशी सगळ्या मुलींची मापं झाली, मी टेप गुंडाळला, तेव्हा फूलमती पुढे आली. ही उत्तर प्रदेशातली. नवरा गुळाच्या कढईवर असतो, ही चिपाडं वाळत घालते. म्हणाली, "मैडमजी, एक मेरी पिंकी के लिए भी."

पिंकी गावाला, आजीजवळ. शाळेसाठी ठेवलेली. दोन वर्षं मायलेकींची भेट नाही. पुढच्या महिन्यात फूलमती गावी जाणार होती.

मी नियम सांगितला. वर हेही सांगितलं, की निदान फोन करून माप तरी मागवायचं.

"किया था," ती म्हणाली. "बोलती है, नाप चाहिए तो खुद आके ले लो." हसतच सांगितलं तिने... पण बघत होती माझ्या हातातल्या टेपकडे.

आमच्या शिवणाऱ्या बायकांतली सुलभा न्हावरे गावची. तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं. ती मागून म्हणाली, "व्हय हो बाई, आन् ते परदेशातल्या पोरींचे फ्रॉक? त्यांची मापं काय इमानानं जाऊन घेता तुम्ही?"

मी तिच्याकडे रागाने पाहिलं. पण खरंच होतं ते. त्या छावण्यांतली एकही मुलगी मी पाहिलेली नाही. सहा वर्षांची, आठ वर्षांची, असं अंदाजानेच कापते.

मुलींना परत रांगेत उभं केलं. फूलमतीला म्हटलं, "देखो, किसके जितनी होगी?"

तिने आधी आपल्या कमरेशी तळवा धरला. ती गावाहून निघाली तेव्हा पिंकी एवढी होती. मग तळवा हळूहळू वर नेला... थांबली, जरा खाली आणला. एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, दुसरीच्या ठेवला, पुन्हा पहिलीकडे आली.

मुली खिदळत होत्या. "चाची, मेरे को बना लो पिंकी!" एक ओरडली.

फूलमती माझ्याकडे वळली. "फोन में तो बस मुँह दिखता है, मैडमजी."

माझी नात रिया कॅनडात असते. चार वर्षांत तिला समोर पाहिलेलं नाही. दर ख्रिसमसला मी इथून फ्रॉक पाठवते आणि सून तो घातलेला फोटो पाठवते. गेल्या वेळचा फोटो कमरेपासून वरचा होता... शिवणाऱ्या बाईला असला फोटो बरोबर कळतो. आखूड झाला का, मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

फूलमतीने हात ठेवलेल्या दोघींपैकी उंच मुलीचं माप मी घेतलं आणि खाली दुमडायला चार बोटं जास्त धरली. "लंबा हुआ तो चलेगा," फूलमतीला म्हटलं, "छोटा नहीं होना चाहिए."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी म्हटलं, रियाचं माप हवंय.

"आत्ता मोजून व्हॉट्सॲप करतो, मम्मी."

"नको. तिला घेऊन ये. मी घेते."

चार वर्षांत मी कधी 'या' म्हटलं नव्हतं. त्यांची नोकरी, रजा, तिकिटं... सगळं मला समजतं, असंच दाखवत आले. तो म्हणाला, "बघतो." या 'बघतो'वर मी फार भरवसा ठेवत नाही. पण एकदाचं बोलून झालं माझं.

तेव्हा पिंकी, तुझे आभार. मला चार वर्षं जे जमलं नाही, ते तू एका वाक्यात सांगून टाकलंस. तुझा फ्रॉक काल शिवून झाला, आकाशी रंगाचा आहे. खालची दुमड मुद्दाम कच्च्या टाक्यांची घातली आहे... आई आली की तिच्यासमोर उभी राहा आणि तिच्याकडूनच उसवून घे.